अध्यक्षांविरुद्ध माझं मत

बाबा, तुमच्या समजुतीत एक चूक राहून गेली आहे. ती दुरुस्त करणं माझं काम होतं आणि ते मी केलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी एडिनबराला शेवटच्या वर्षात होते. आता तिथंच नोकरी करते, राहायला स्वतःचा लहानसा फ्लॅट आहे, चष्म्याची पॉवर वाढली आहे. इतक्या वर्षांत ही गोष्ट मी कुणाजवळ काढली नाही, कारण ऐकणाऱ्याला तीत काही दिसलं नसतं: लेस्टरमधलं एक लहानसं मराठी मंडळ, चर्चचा भाड्यानं घेतलेला हॉल, अध्यक्षपदाचं मतदान आणि त्यातलं माझं एक मत. पण गेल्या आठवड्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला तिसरी मुदत मिळू शकते का, यावरून बोलणं निघालं. शेजारी बसणारा सहकारी सूपमध्ये पाव बुडवत म्हणाला, लोकांनाच हवा असेल तर अडवायचं कशाला? मी त्याला सांगितलं की तिथल्या घटनेत तशी दुरुस्ती आहे, दोनदाच निवडून येता येतं, आणि ती दुरुस्ती का करावी लागली तेही सांगितलं. तो हसला. म्हणाला, "नियम तुमच्याच घरी लिहिल्यासारखी बोलतेस." मी ट्रे उचलून जागेवर आले. एक नियम खरोखरच आपल्या घरी लिहिला गेला होता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, तुमच्या हातानं.

अमेरिकेला तुम्ही कधी गेला नाहीत. जायची इच्छाही नव्हती. दिवसभर हॉस्पिटलच्या फार्मसीत औषधं तपासून यायचात आणि चहाचा कप घेऊन तिकडच्या बातम्या लावायचात. आई म्हणायची, "त्यांच्या निवडणुकीत आपलं काय जातं हो?" त्यावर तुमचं उत्तर ठरलेलं होतं. "इथं राणी आहे, तिला निवडायचं नसतं. पंतप्रधान आहे, तो हरला की दुसऱ्या दिवशी दारात सामानाचा ट्रक उभा. बघायला काही उरतच नाही. तिथं हरलेला माणूस अडीच महिने त्याच खुर्चीत बसतो, सगळी सत्ता हातात असताना. माणूस कसा आहे ते तेव्हा कळतं." मला हे तेव्हा समजत नव्हतं. मला आठवतो तो टीव्हीवरचा एक माणूस. मी सहा वर्षांची आहे, तिकडे निकाल अडकला आहे, आणि तो माणूस छिद्र पाडलेलं एक कार्ड उजेडाकडे धरून डोळे विस्फारून बघतो आहे. "तो काय बघतोय?" मी विचारते. "मत बघतोय." "मत दिसतं?" "नीट दिसत नाही, म्हणून तर बघतोय," तुम्ही म्हणता आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन आईकडे बघता. शनिवारच्या मराठीच्या वर्गात मी हे सांगितलं. अमेरिकेत ती मत भोकातून दिसते, असं काहीतरी. वर्ग घेणाऱ्या काकूंनी आधी शब्दाचं लिंग सुधारलं, 'ती मत' नव्हे, 'ते मत'. मग म्हणाल्या, "आणि मताचे अर्थ दोन बरं का. एक मत मनात असतं, एक पेटीत टाकायचं असतं." इंग्रजीत दोन गोष्टींना दोन शब्द होते. मराठीत एकच, आणि कुठला अर्थ घ्यायचा ते संदर्भावरून ओळखायचं. संदर्भावरून ओळखायच्या गोष्टी मला तेव्हाही आवडत नसत.

शपथविधी तिथं दुपारी बाराला, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी पाचला. त्या दिवशी तुम्ही शिफ्ट बदलून घ्यायचात, आई पोहे करायची आणि आपण तिघं सोफ्यावर बसायचो. तुम्ही मला एकच गोष्ट शिकवलीत. "येणाऱ्याकडे सगळं जग बघतंय. तू जाणाऱ्याकडे बघ." हे सोपं नसे, कारण कॅमेरा जाणाऱ्यावर फार वेळ थांबत नाही. तो कडेला कुठेतरी ओव्हरकोटात बसलेला असतो आणि त्याची वाट पाहावी लागते. मी चौदा वर्षांची असताना एक जण दोन मुदती पुऱ्या करून गेला. भाषण चालू असताना तो हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता. नंतर हेलिकॉप्टर वर गेलं तसे तुम्ही पुढे सरकून बसलात. "सकाळपर्यंत हा कुठल्याही देशावर विमानं पाठवू शकत होता. आता खिडकीतून हात हलवतोय. आणि कुणी ढकललं नाही त्याला. स्वतः चढला." आई म्हणाली, "पोहे गार होतायत. जाऊ दे की त्याला." तुम्ही म्हणालात, "तेच तर. जातोय."

माफीचंही तुम्हीच सांगितलं होतंत. राष्ट्राध्यक्षाला माफी देता येते, त्यासाठी कुणाला विचारावं लागत नाही, आणि बरेच जण ती जायच्या शेवटच्या दिवसांत देतात. तुम्ही हा अधिकार घरी वापरायचात. नऊ वर्षांची असताना मी तुमचा स्वयंपाकघरातला रेडिओ खोलला. तुम्ही कामावरून आलात तेव्हा टेबलावर स्पीकर वेगळा, तारा वेगळ्या. तुम्ही कोट न काढताच उभे राहिलात आणि गंभीर आवाजात म्हणालात, "रेडिओ मोडल्याबद्दल अध्यक्षीय माफी देण्यात येत आहे." मी म्हटलं, "मोडला नाही. उघडला." "म्हणजे माफी नको?" "माफी घेतली तर काय होतं?" तुम्ही खुर्ची ओढून बसलात, कारण असा प्रश्न तुम्हाला फार आवडायचा. "तिथल्या कोर्टानं म्हटलंय, माफी घेणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. नको असेल तर नाकारता येते." मी विचार केला आणि म्हटलं, "मग नको." "मग खटला चालवावा लागेल." "चालवा." आई गॅसपाशी हसत होती. "आधी जेवा, मग कोर्ट भरवा." जेवण झाल्यावर मी रेडिओ जोडला. तो चालू झाला, पण खर्रखर्र करत. तुम्ही तो बदलला नाहीत. शेवटपर्यंत त्याच खरखरीत बातम्या ऐकल्यात.

मंडळ त्याच सुमाराला निघालं. बेलग्रेव्ह रोडवर गुजराती दुकानांची रांग होती, त्यांची मोठमोठी मंडळं होती, आणि आपण मराठी लोक एका चर्चच्या हॉलमध्ये मावायचो. तुम्ही पहिले अध्यक्ष झालात आणि मंडळाची घटनाही तुम्हीच लिहिलीत. मुदत चार वर्षांची. सलग दोनच मुदती. जानेवारीत सभा, पण नव्या अध्यक्षानं सूत्रं घ्यायची ती गुढीपाडव्याला. मतदानाचं वय सोळा, कारण अठराव्या वर्षी पोरं युनिव्हर्सिटीला निघून जातात, मग मतं द्यायला उरतं कोण. दातांचे डॉक्टर असलेले एक काका होते, ते म्हणाले, "अध्यक्ष, ही तर अमेरिकेची कॉपी झाली. सैन्याचं कलम कुठंय?" तुम्ही म्हणालात, "पातेली धुणारे तेच आपलं सैन्य. तुम्ही भरती होताय का?"

आठ वर्षं झाली. दुसरी मुदत संपायला आली तसे लोक घरी यायला लागले. तुमच्याशिवाय कोण? काकू म्हणाल्या, "हॉलवाल्या बाई फक्त तुमचाच फोन उचलतात." हे खरं होतं. चर्च भाडं वाढवणार होतं, शनिवारचा वर्ग बंद पडायच्या बेतात होता, हेही खरं होतं. ठरलं असं की वार्षिक सभेत चिठ्ठ्या टाकून विचारायचं: विद्यमान अध्यक्षांना आणखी एक मुदत द्यावी का? 'होय' किंवा 'नाही'. त्या रात्रीच्या जेवणाला मी तुम्हाला विचारलं. मी सोळा पुरी केली होती. "नियम तुम्हीच लिहिलाय." "परिस्थिती वेगळी आहे." "चार वेळा निवडून आलेला राष्ट्राध्यक्षही हेच म्हणाला असेल." "त्याच्यापुढे महायुद्ध होतं." "आणि तुमच्यापुढे?" "माझ्यापुढे गणपती आहे आणि खुर्च्या लावायला माणूस मिळत नाही!" आई हसली. मीही हसले असते, पण तुम्ही हसत नव्हता. पोळीचा तुकडा हातात तसाच धरून म्हणालात, "नियम वाचता आला म्हणजे माणसं वाचता आली असं होत नाही, बाळा." त्यानंतर आपण तिघंही ताटाकडे बघत जेवलो. आता वाटतं, त्या वाक्यात तुम्ही माझ्यावर रागावला नव्हता. कुणीतरी तुम्हाला वाचावं एवढंच म्हणत होता. पण मी ते शब्दशः घेतलं. मी सगळंच शब्दशः घेते.

सभा रविवारी दुपारी होती. रेडिएटर तापत नव्हता म्हणून सगळे कोटांत बसलेले. डेंटिस्ट काका बोलले, काकू बोलल्या, मग तुम्ही विचारलंत, "आणखी कुणाला बोलायचंय?" आणि मी उभी राहिले. मला एवढंच म्हणायचं होतं की या प्रश्नावर मला अध्यक्षांचं म्हणणं पटत नाही. वाक्य माझ्या डोक्यात इंग्रजीत तयार होतं, आणि ते मराठीत आणताना तोंडातून निघालं, "माझं मत अध्यक्षांच्या विरुद्ध आहे." व्याकरण अचूक होतं. मागून कुणीतरी म्हणालं, "अरेरे, घरचंच मत गेलं!" आणि सगळा हॉल हसला. डेंटिस्ट काका म्हणाले, "अध्यक्ष, लोकशाही घरापासून सुरू झाली!" तुम्हीही हसलात. टायची गाठ सैल केलीत, परत आवळलीत. मी उभीच होते. मला सांगायचं होतं की हे मनातलं मत आहे, पेटीतलं नाही, पेटीतलं मी अजून ठरवलेलं नाही. त्यासाठी मराठीत दोन-तीन वाक्यं लागली असती आणि प्रत्येकात एखादी चूक झाली असती. मी खाली बसले.

मग चिठ्ठ्या वाटल्या गेल्या. पेन्सिली पुरत नव्हत्या. मी चिठ्ठी मांडीवर घेऊन बसले होते तेवढ्यात मागून तुमची हाक आली, "अगं, तुझं झालं की पेन्सिल इकडे आजींना दे गं." तुम्ही शेवटच्या रांगेत एका म्हाताऱ्या बाईंच्या पायांशी वाकून त्यांची खुर्ची रेडिएटरजवळ सरकवत होता. तो रेडिएटर गार आहे हे तुम्हाला माहीत होतं. तरी सरकवत होता.

काकू मोजायला बसल्या. एकेक चिठ्ठी उघडून मोठ्यानं वाचत होत्या आणि दोन ढीग करत होत्या. मध्येच थांबल्या. "इथं नुसतं 'हो' लिहिलंय. 'होय' नाही." डेंटिस्ट काका म्हणाले, "ठरावात 'होय' आहे. बाद." "अहो, 'हो' म्हणजे 'होय'च की!" "मग उद्या कुणी 'हं' लिहील, तेही धरणार?" कुणीतरी ओरडलं, "अमेरिकेसारखं उजेडाकडे धरून बघा!" पुन्हा हशा. शेवटी सगळे तुमच्याकडे वळले, अध्यक्षांनी निर्णय द्यावा म्हणाले. तुम्ही मान हलवलीत. "प्रश्न माझाच आहे. यात मी बोलायचं नाही. मोजणाऱ्यांनी ठरवावं." काकूंनी चिठ्ठी 'होय'च्या ढिगावर ठेवली. त्यानं काही फरक पडला नाही. दुसरा ढीग मोठाच राहिला. त्यातली किती मतं 'घरचंच मत गेलं' या हशानंतर तिकडे गेली, हे मला काढता येत नाही. जे मोजता येत नाही त्याबद्दल मी सहसा बोलत नाही. पण बाबा, ते मी आजही मनात मोजते. तुम्ही उठलात, "ठीक आहे" म्हणालात, आणि अध्यक्षपद मागणाऱ्या एकमेव माणसाशी, डेंटिस्ट काकांशी, हात मिळवलात.

परतताना गाडी तुम्ही चालवत होता, आई मागे बसली होती. बेलग्रेव्ह रोडच्या दुकानांतून साड्या नेसवलेले पुतळे बघत होते. तुम्ही एकदम हसलात. "'हो' म्हणे! कुणातरी पोराचं काम. मतपत्रिकेवर 'हो'. जणू कुणी जेवायला हाक मारलीय." मी तोंड उघडलं. "बाबा, ते मत म्हणजे..." तुम्ही हात वर केलात, ट्रॅफिक पोलिसासारखा. "सांगायचं नाही. मतदान गुप्त असतं. नियम मीच लिहिलाय." थोडं पुढे गेल्यावर म्हणालात, "तुझं मत सगळ्यांनी ऐकलं. बरोबर बोललीस. आता तो विषय नको." आणि तो विषय निघाला नाही. त्या दिवशी मी काय मत दिलं हे तुम्ही कधी विचारलं नाहीत, कारण तुम्हाला वाटत होतं की ते तुम्हाला माहीत आहे.

पुढचे अडीच महिने तुम्ही अध्यक्ष होता. पहिले काही आठवडे तुम्ही अमेरिकेच्या बातम्या लावल्या नाहीत. आई म्हणाली, "त्यांनी काय केलंय बिचाऱ्यांनी?" मग एका शनिवारी तुम्ही डेंटिस्ट काकांना घेऊन हॉलवाल्या बाईंकडे गेलात. त्यांच्या टेबलावर बिस्किटांचा डबा ठेवलात आणि म्हणालात, यापुढे यांचा फोन उचला, हे माझ्यापेक्षा कमी बोलतात. माइकची खरखर काढून घेतलीत. कपाटाच्या किल्ल्यांना रंगीत दोरे बांधलेत, म्हणजे नव्या माणसाला गणपतीचं कपाट आणि भांड्यांचं कपाट वेगळं कळावं. पाडव्याला सूत्रं द्यायचा कार्यक्रम होता. मी हॉलच्या स्वयंपाकघरात श्रीखंड वाट्यांत भरत होते. स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामध्ये जेवण द्यायची एक खिडकी आहे, तिचं शटर अर्धं खाली होतं. मला टाळ्या ऐकू आल्या. शटरखालून खुर्च्यांचे पाय दिसत होते आणि तुमचे पॉलिश केलेले बूट, पुढच्या रांगेपासून मागच्या रांगेपर्यंत चालत जाणारे. मी शटर वर केलं नाही. हात चिकट आहेत, असं मी स्वतःला सांगितलं. जाणाऱ्याकडे बघायला मला ज्यांनी शिकवलं, ते जात होते, आणि मी वाट्या भरत राहिले.

मी इलेक्ट्रिकल घेतलं तेव्हा तुम्ही मंडळात सगळ्यांना सांगत फिरलात, "मुलगी पॉवर शिकायला चाललीय एडिनबराला." डेंटिस्ट काका म्हणाले, "ती तर तुमच्याकडे शिकायची होती!" तुम्ही म्हणालात, "माझ्याकडे ती सोडायला शिकली." हे मला आईनं फोनवर सांगितलं आणि आम्ही दोघी हसलो. मग तुम्ही आजारी पडलात. ज्या हॉस्पिटलच्या तळघरात तुम्ही नोकरी केलीत त्याच्याच वरच्या मजल्यावर तुम्हाला ठेवलं होतं. जानेवारीतला शुक्रवार होता. मी एडिनबराहून गाड्या बदलत आले तेव्हा पाच वाजत आले होते आणि तुम्ही पहिला प्रश्न विचारलात तो प्रवासाचा नव्हता. "लाव, लाव. सुरू झालं असेल." मी फोन पाण्याच्या जगला टेकवून उभा केला. तुमचा आवाज कमी झाला होता, पण सूचना त्याच होत्या. "येणारा राहू दे. जाणारा कुठं बसलाय?" तेवढ्याशा स्क्रीनवर आपण दोघांनी त्याला शोधला. नंतर हेलिकॉप्टर वर गेलं. तुम्ही ते दिसेनासं होईपर्यंत बघितलंत.

"गेल्या आठवड्यात पुष्कळांना सोडलं म्हणे त्यानं," तुम्ही म्हणालात. "शिक्षा कमी केल्या, माफ्या दिल्या. जाताना देतात." मी फोन बंद केला. "माझी एक द्यायची राहिलीय." "कसली?" "मताची." मला लगेच कळलं नाही. "तू माझ्या विरुद्ध मत दिलंस ना मंडळात. बरोबर दिलंस. माझं चुकत होतं, हे मला तेव्हाच कळलं होतं. पण लागलं होतं गं. आता माफ. अध्यक्षीय." तुम्ही हसत होता. तुम्हाला ती द्यायची होती. मी आल्यापासून तुमच्या चेहऱ्यावर इतका आनंद दिसला नव्हता. मला माहीत होतं की हा क्षण आहे, आता एक वाक्य बोलायचं. पण ते वाक्य बोलले तर तुमच्या हातात द्यायला काही उरणार नव्हतं, हेही माहीत होतं. नऊ वर्षांची असताना मी न केलेल्या गुन्ह्याची माफी नाकारली होती. तेवढ्यात ब्लडप्रेशर बघायला नर्स आली. तुमची ओळखीची, फार्मसीत तुमच्याकडे चहाला येणारी. "अंकल, बहुत बातें हो गईं, आता आराम," असं तिच्या त्या मिसळलेल्या भाषेत म्हणाली आणि पट्टा गुंडाळायला लागली. मी म्हटलं, "थँक यू, बाबा." तुम्ही डोळे मिटून मान हलवलीत, सही झाल्यासारखी.

मला वाटलं होतं सांगायला वेळ आहे. पुढच्या वीकेंडला सांगू. विनोद करून सांगू. तो वीकेंड आला नाही.

त्यानंतरचा शपथविधी मी एडिनबराच्या फ्लॅटमध्ये एकटीनं बघितला. लॉकडाऊन होता. पाचच्या आधी पोहे केले, तुमच्यासारखी पुढे सरकून बसले आणि कडेच्या खुर्च्यांवर जाणाऱ्याला शोधायला लागले. तो नव्हता. तो सकाळीच निघून गेला होता, समारंभाला आलाच नाही. असं काही घडू शकतं हे तुमच्या शिकवणीत कुठं नव्हतं. तुम्ही असतात तर टीव्ही बंद केला असतात की आवाज वाढवला असतात, मला ठरवता येईना. चार वर्षांनी तोच पुन्हा निवडून आला, तेव्हा जाणारा समोर शांत बसला होता. मी त्याच्याकडे बघितलं. ऑफिसमधले सगळे येणाऱ्यावर बोलत होते. माझं काम आहे विजेच्या लाइनवर बसणाऱ्या त्या यंत्रणेचं, जी प्रवाह मर्यादेबाहेर गेला की कुणालाही न विचारता लाइन तोडते. ती मर्यादा मी ठरवते. किती जास्त म्हणजे जास्त, याचे आकडे देते. यंत्राचं मन माझ्याकडे बघून द्विधा होत नाही, म्हणून ते चालतं. तुम्ही नियम लिहिलात तो अशाच यंत्रासारखा होता, आणि मी सभेत बोलले तेही त्याच यंत्रासारखं. तुम्ही दोन मुदतींनंतर जायला हवं होतं. माझं मत तेव्हा तेच होतं. आजही तेच आहे.

हे आईला सांगता आलं असतं. पण आई काकूंना सांगेल, काकू मंडळात सांगतील, आणि मतदान गुप्त असतं, नियम तुम्हीच लिहिलाय. तेव्हा हा कागद कुठं जाणार नाही. लाइनच्या नकाशांच्या फाइलमध्ये राहील.

त्या दिवशी चिठ्ठी माझ्या मांडीवर होती आणि तुम्ही मागून हाक मारलीत, पेन्सिल आजींना दे म्हणून. मी मान वळवून तुमच्याकडे बघितलं. तुम्ही तो गार रेडिएटर हातानं चाचपत होता, जणू तुमचा हात लागला की तो तापेल. मी "हो" म्हटलं, आणि म्हणता म्हणता तेच लिहिलं. ठरावातला शब्द 'होय' आहे हे मला माहीत होतं. खोडून 'नाही' लिहायलाही पुरेसा वेळ होता. मी पेन्सिल नेऊन आजींना दिली. ते 'हो' माझं होतं, बाबा. तुमची माफी चुकीच्या गुन्ह्यासाठी होती, पण ती मी परत करणार नाही. ती मी पाडव्याला वर न केलेल्या त्या अर्ध्या शटरसाठी वापरली आहे.